धागा: आयझॉल चॅम्पियन झालं त्या दिवशी मी शिलाँगमध्ये होतो, गळ्यात मुंबई एफसीचा पिवळा स्कार्फ घालून

कूपरेजचा_कट्टर

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारताचा कोच झाला तेव्हापासून ऑफिसातली पोरं मला विचारतायत की हा कुठून उगवला. उगवला कुठून म्हणजे? सात वर्षं आमच्या डोळ्यांदेखत टचलाइनवर येरझाऱ्या घालत होता, तुम्ही तेव्हा रात्री जागून मँचेस्टरच्या मॅचा बघत होतात. तर बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो ते आज लिहून टाकतो. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी थोडं आमच्या दळभद्री क्लबाबद्दल. मुंबई एफसी, २००७ ची स्थापना, पिवळी जर्सी. चर्चगेटला उतरायचं, ओव्हलच्या कडेकडेने चालत कूपरेज गाठायचं, वाटेत वडापाव, आणि स्टँडमध्ये आपण मोजून शे-दोनशे टाळकी, त्यातली अर्धी खेळाडूंच्या घरची. मधली काही वर्षं कूपरेजचं काम चालू होतं तेव्हा आमचं होम ग्राउंड कुठे, तर पुण्यात, बालेवाडीला. म्हणजे मुंबईची टीम, होम मॅच, आणि आपण पहाटे उठून एक्सप्रेसवे पकडतोय. घरचे म्हणायचे डोक्यावर पडलायस. खेळ तरी डोळ्याचं पारणं फेडणारा होता का, तर अजिबात नाही. मागे दहा जण उभे करायचे, लांब बॉल भिरकावायचा, आणि देवाचं नाव घेत नव्वद मिनिटं काढायची. आम्ही खालिदला शिव्याही घातल्यात, खोटं का बोला. पण तो २००९ पासून कोच होता आणि त्या सगळ्या काळात एकदाही खालच्या डिव्हिजनला गेलो नाही, आणि हातात काय खेळाडू असायचे हे ज्यांनी बघितलंय त्यांना त्याचा अर्थ कळेल.

२०१६ च्या सुरुवातीला माझी बदली झाली गुवाहाटीला. (बँकेत आहे, कुठल्या ते सोडा.) आणि त्याच वर्षी बातमी आली की क्लब आणि खालिद वेगळे झाले. मला तिकडे बसून वाटलं, बरं झालं, आता जरा आक्रमक खेळू. माझी अक्कल!

आता आयझॉल. बरेच जण ऐजवाल म्हणतात, तिकडचे लोक आयझॉल असंच काहीसं म्हणतात. २०१५-१६ हा त्यांचा आय-लीगमधला (तेव्हाची देशातली सगळ्यात वरची लीग) पहिलाच सीझन, मिझोराममधून इतक्या वर आलेला पहिलाच क्लब. नऊ टीम्समध्ये आठवे आले. मग खाली कोण जाणार, नववा ना? नाही. नववी आलेली पुण्याची डीएसके शिवाजियन्स, आणि त्यांची थेट एन्ट्री असल्यामुळे त्यांना खाली न जाण्याची सूट, म्हणून आठवे आलेले आयझॉलवाले गेले खाली. पुणेकरांनो, मी काहीही म्हणत नाहीये, फक्त काय झालं ते सांगतोय.

आणि तेच आयझॉल २०१६ च्या मे महिन्यात फेडरेशन कपच्या, म्हणजे देशातल्या नॉकआउट स्पर्धेच्या, फायनलला पोचलं, आणि फायनल गुवाहाटीत, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर. समोर कोलकात्याचं मोहन बागान. आमचा कॅश ऑफिसर पक्का बागानी, तो मला ओढून घेऊन गेला. बागान ५-० जिंकलं. दुसऱ्या हाफमध्ये धडाधड गोल बसले आणि त्यातले दोन बागानच्या जेजेने मारले, जो स्वतः मिझो. माझ्या पुढच्या रांगेत पाच-सहा मिझो कॉलेजची पोरं होती, बहुतेक गुवाहाटीत शिकणारी, पाचवा गोल झाल्यावर ती उठून गेली नाहीत, गप बसून राहिली आणि शेवटी उभं राहून टाळ्या वाजवल्या आपल्या टीमला. बागानी साहेब नाचत होते आणि मी त्या पोरांकडे बघत होतो. मला कूपरेज आठवलं. हरून घरी जाणाऱ्यांची जात एकच असते, ती लांबून ओळखू येते.

मग पुढे काय झालं तर गोव्याच्या साळगावकर आणि स्पोर्टिंग या क्लबांनी भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या धोरणाच्या निषेधात लीग सोडली, नंतर धेंपोनेही, जागा रिकाम्या झाल्या आणि आयझॉलला परत घेतलं. म्हणजे मागच्या दाराने नाही म्हणता येणार, पण दार कुणीतरी दुसऱ्याने उघडं टाकलं होतं हे खरं. आणि कोच म्हणून कुणाला आणलं? आमच्या खालिदला! आणि तो येताना आमचा जयेश राणे घेऊन आला, आशुतोष मेहता घेऊन आला. गोलकीपर गोव्याचा आल्बिनो गोम्स. सीरियाचा अल अमना, लायबेरियाचा आल्फ्रेड जारयान, आयव्हरी कोस्टचा कामो, आणि बाकी सगळी मिझो पोरं, वाऱ्यासारखी पळणारी. सगळ्या टीमचं बजेट त्या वेळी पेपरात दोनेक कोटी म्हणून यायचं. बंगळुरू, बागान, ईस्ट बंगाल यांच्यापुढे ते म्हणजे लग्नाच्या जेवणावळीतलं लोणचं.

मी सुरुवातीला फक्त राणे आणि खालिदपायी बघायचो. मग सवय लागली. मग एक दिवस लक्षात आलं की मुंबई एफसीचा स्कोर मी नंतर बघतोय, आधी आयझॉलचा. हे कबूल करायला आठ वर्षं लागली बरं का.

२२ एप्रिल २०१७, आयझॉल वि. बागान, दोघांचे पॉइंट सारखे, सीझनची शेवटून दुसरी मॅच. बँकेतल्या कँटीनच्या टीव्हीवर बघितली, शेजारी तेच बागानी साहेब. ८३ व्या मिनिटाला झोहमिंगलियाना राल्तेने हेडर मारला आणि कँटीनमध्ये ओरडणारा मी एकटा. साहेब तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी बोलले ते एवढंच, 'शिलाँगमध्ये हरणार तुम्ही.' तुम्ही! मी मालाडचा!

शेवटची मॅच ३० एप्रिलला, शिलाँग लाजाँगच्या घरी. आयझॉलला एक पॉइंट पुरे. ड्रॉ झाली तरी चॅम्पियन. रविवार होता आणि दुसऱ्या दिवशी १ मेची सुट्टी, असा योग परत कधी येणार, म्हणून सकाळी पलटन बाजारातून शेअर सुमो पकडली. शंभरेक किलोमीटर अंतर, पण घाट, ट्रक आणि नाँगपोहला जेवायचा थांबा धरून तीन साडेतीन तास जातात. सुमोत मागच्या सीटवर एक मिझो कुटुंब, त्यांत एक सत्तरीच्या आजी, अंगाला त्यांचं ते विणलेलं पुआन, मांडीवर छत्री आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत उकडलेली अंडी. नातवाने मला विचारलं, कुठले तुम्ही? म्हटलं मुंबई. तर आजी एकदम पुढे झुकून म्हणाल्या, 'राने!' बाकी त्यांना हिंदीचा गंध नव्हता. राने, मेहता, खालिद सर, अशी नावं घेत त्यांनी मला एक अंडं दिलं. आडनावामुळे मला आयुष्यात कुणी अंडं खाऊ घातलं नव्हतं, ते पण दुसऱ्याच्या आडनावामुळे.

नातू सांगत होता की आमच्याकडे रविवारी फुटबॉल खेळतच नाहीत. मिझोराममध्ये रविवार म्हणजे चर्च, दुकानं बंद, मैदानं बंद. आणि इतिहासातली सगळ्यात मोठी मॅच नेमकी रविवारी. आजींचं काय म्हणणं, विचारलं, तर तो हसला आणि म्हणाला, आजी सकाळी लवकर उठून प्रार्थना करून निघालीय, वरच्याला सांगून आलीय की आजचा दिवस जरा सांभाळून घे.

पोलो ग्राउंडवरच्या स्टेडियमजवळ पोचलो तर गर्दी म्हणजे काय, मला वाटलं सगळं मिझोराम रिकामं झालंय. आणि गंमत अशी की लाजाँगही लाल आणि आयझॉलही लाल, त्यामुळे कोण कुणाचं काही पत्ता नाही, आपण ज्याच्या शेजारी बसलोय तो आपला की परका हे गोल झाल्यावरच कळणार. त्या लाल समुद्रात मी एकटा पिवळा. बॅगेत मुंबई एफसीचा स्कार्फ होता, यलो ब्रिगेडच्या (आमचा फॅन ग्रुप) दिवसांतला, मुंबईच्या उकाड्यात तो घालून आम्ही घामोळं आणून घ्यायचो, शिलाँगच्या गारठ्यात पहिल्यांदा त्याचा उपयोग झाला.

नवव्या मिनिटाला गोल. लाजाँगचा. दिपांडा डिका, त्या सीझनचा टॉप स्कोरर. आता कळलं कोण कुणाचं, अर्धं स्टेडियम उसळलं आणि आमची बाजू अशी गप्प झाली की मागे कुणीतरी चिप्सचं पाकीट फोडलं ते ऐकू आलं. तिकडे कोलकात्यात त्याच वेळी बागान वि. चेन्नई सिटी चालू. फोनला रेंज नाही, एवढ्या लोकांत कुठली असणार. मागे एक दाढीवाला होता त्याला कसा काय कुणास ठाऊक मधूनच फोन लागायचा आणि तो मिझोत काहीतरी ओरडायचा, मग दहा रांगांमध्ये कुजबुज पसरायची, मला कळायची फक्त लोकांच्या चेहऱ्यावरून. हाफटाइमला आजी डोळे मिटून बसल्या होत्या. झोपल्यात की काय वाटलं. ओठ हलत होते.

मला खरं सांगू त्या पंधरा मिनिटांत काय वाटत होतं? की झालं, आपण आलो म्हणून झालं. मी ज्या टीमला पाठिंबा देतो ती हरते हा माझा आयुष्यभराचा अनुभव, आता मी गुवाहाटीहून शंभर किलोमीटर चालून येऊन ह्या भल्या लोकांच्या गळ्यात तो बांधला. स्कार्फ काढून परत बॅगेत ठेवला. हसा, पण ठेवला.

आणि गोल मी बघितलाच नाही!! ६७ वं मिनिट, विल्यम लालनुनफेला, सगळ्या मिझोरामला तोंडपाठ असेल, आणि मी त्या क्षणी खाली वाकून आजींची घरंगळलेली छत्री उचलत होतो. वर बघितलं तर समोर फक्त पाठी. माझ्या अंगावर कोणीतरी पडलं, त्याच्यावर अजून कोणी, माझा चष्मा गेला, मी ओरडतोय काय झालं काय झालं आणि नातू माझे खांदे धरून हलवतोय, १-१, १-१.

नंतरची वीस-पंचवीस मिनिटं मी चष्म्याशिवाय बघितली. म्हणजे लाल ठिपके इकडून तिकडे. बॉल दिसत नव्हता, तो लोकांच्या आवाजावरून ओळखायचा, आवाज चढला की आपल्या गोलपाशी, उसासा आला की गेला बाहेर. टचलाइनवर एक ठिपका मात्र मी चष्मा नसतानाही ओळखला. येरझाऱ्या. त्याच येरझाऱ्या, कूपरेजला बघितलेल्या, चार पावलं इकडे, वळायचं, चार पावलं तिकडे. दहा जण मागे, लांब बॉल, देवाचं नाव. अरे, हे तर मला येतं बघायला! ह्यात आपलं पीएचडी आहे. शेवटच्या पाच मिनिटांत बाकीच्यांचा जीव वर-खाली होत होता आणि मी एकटा शांत, कारण अशी मॅच खालिद काढतो, हे मी शंभर वेळा बघितलं होतं.

शिट्टी झाली. बागान तिकडे २-१ जिंकलं होतं पण काय उपयोग, ३७ विरुद्ध ३६.

आजी रडत होत्या. आजींनी माझा हात धरून ठेवला होता आणि काहीतरी मोठं वाक्य बोलल्या, नातवाने भाषांतर केलं नाही कारण तो पण रडत होता. चष्मा सापडला, एक काच गेलेली. स्कार्फ बॅगेतून काढून परत घातला. नातवाने विचारलं हा पिवळा कुठला क्लब, म्हटलं मुंबई एफसी. 'ते कितवे आले?' म्हटलं, शेवटचे.

(बाकी आवरतं घेतो, हात दुखले.)

---

पेठेतला_पैलवान

नाद खुळा लिवलंयस भावा. अंड्याला आणि छत्रीला लै हसलो आणि मग शेवटी घसा दाटला.

आमच्या कोल्हापुरात ये एकदा. शाहू स्टेडियम, पाटाकडील वि. दिलबहार असली की दुकानं लवकर बंद हुत्यात. शे-दोनशे टाळकी म्हणजे आमच्याकडं वॉर्मअप बघायला असत्यात. पण एक सांगू, आमच्यात तालमीची टीम सोडून दुसऱ्याला पाठिंबा द्यायचा म्हणजे घरातनं काढत्यात. तू क्लब सोडून दुसऱ्याच्या मिरवणुकीत नाचलास, मनात काय खटकलं न्हाई का? राग मानू नको, खरं विचारतोय.

---

म्हापशेकार

सुंदर. आल्बिनोचं नाव घेतलंस त्याबद्दल एक फेणी माझ्याकडून.

पण गोव्याबद्दल एका ओळीत उरकलंस ते बरोबर नाही हां. २००७-०८ ते २०१२-१३ सलग सहा वर्षं आय-लीग गोव्यात होती. धेंपो तीन वेळा, चर्चिल दोनदा, साळगावकर एकदा. त्यातले धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग २०१६ मध्ये उठून गेले तेव्हा आमच्याकडे घरात कोणीतरी गेल्यासारखं होतं. फातोर्ड्याला पपांच्या मांडीवर बसून धेंपो बघितलेला मी. आयझॉल चॅम्पियन झालं तेव्हा आनंद झालाच, पण आत एक बारीक कळ होती, की ज्या खुर्चीवर ते बसले ती आमची. त्यांचा दोष काहीच नाही. उलट चांगल्या माणसाने खुर्ची घेतली याचं समाधान. पण कळ ती कळ.

---

कूपरेजचा_कट्टर

@पेठेतला_पैलवान, राग कसला, नेमका दुखरा भाग दाबलास. खटकलं ना. त्या रात्री पोलीस बाजारात लोक गाड्यांच्या टपावर बसून गात होते, मी त्यांच्यात होतो आणि मधूनच वाटायचं की लोकाच्या वरातीत आपण कोण, ना मुलीकडचा ना मुलाकडचा, फुकट जेवायला आलेला. पण मग राणे आमचा, मेहता आमचा, कोच आमचा. आपली मुलगी दुसऱ्याच्या घरी जाऊन सुखात नांदतेय म्हटल्यावर बाप काय रडणार का? रडतो, पण तो वेगळ्या कारणाने.

@म्हापशेकार, मान्य, एक ओळ कमीच झाली. कळ बारीक नाही, मोठीच असणार.

---

आकडेबहाद्दर

धागाकर्त्याने टेबल दिलं नाही म्हणून: आयझॉल १८ मॅच, ११ जिंकल्या, ४ ड्रॉ, ३ हरल्या, ३७ पॉइंट. बागान १०-६-२, ३६. म्हणजे बागान आयझॉलपेक्षा कमी मॅच हरलं तरी दुसरं, कारण ड्रॉ जास्त.

सगळे याला भारताचं लेस्टर म्हणतात (इंग्लंडचा छोटा क्लब, २०१६ मध्ये सगळ्यांना चकित करून प्रीमियर लीग जिंकला). मला ते पटत नाही. २०१५-१६ सीझनच्या सुरुवातीला लेस्टरवर ५००० ला १ असा भाव होता हे खरं, पण लेस्टरकडे प्रीमियर लीगचा टीव्हीचा पैसा होता, थायलंडचा श्रीमंत मालक होता, आणि आधीच्या सीझनला ते तळातून वर येऊन वाचले होते. आयझॉल आधीच्या सीझनला वाचलंच नव्हतं. रेलिगेट झालेली टीम पुढच्याच वर्षी त्याच लीगची चॅम्पियन, हे लेस्टरनेही केलं नाही.

---

सदाशिव_पेठी

लेख छान. दोन सुधारणा. (१) डीएसके शिवाजियन्सना मिळालेली सूट ही नियमात होती, पुण्याने ती बळकावली नव्हती, तेव्हा तो सूर अनावश्यक. (२) बालेवाडीला तुम्ही यायचात तेव्हा आमच्यापैकीही काही जण मुंबई एफसीच्या मॅचला येऊन बसायचे, निव्वळ फुटबॉलच्या प्रेमापोटी. त्याचा उल्लेख नाही.

---

कूपरेजचा_कट्टर

@सदाशिव_पेठी, तुम्ही यायचात हे खरं, आणि आमच्या विरुद्ध ओरडायचात हेही खरं :) आता भांडायला ना तुमची टीम उरली ना आमची. पुणे एफसी गेली, डीएसके गेली, मुंबई एफसी २०१७ ला शेवटची आली आणि नंतर क्लबच गुंडाळला. त्यामुळे या वादात आपण दोघंही बिनघराचे.

---

वाशीची_वैदेही

फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण एक सांगायचंय. आम्ही वाशीला मिझोराम हाऊसच्या जवळ राहतो. तिथे बरीच मंडळी पेशंटबरोबर आलेली असतात, टाटाला उपचार चालू असतात, गेटसमोरच्या भाजीवाल्याकडे भेट होते, हसतात, बस. त्या रात्री (आता तुमची तारीख वाचून जुळलं, दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिन होता) तिकडून असा काही आरडाओरडा आणि गाणं ऐकू आलं की माझे सासरे गॅलरीत गेले, म्हणाले काय झालं बघा. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याने सांगितलं की त्यांची टीम जिंकली. एक मुलगा होता पंधरा-सोळाचा, डोक्यावर केस नव्हते, लाल जर्सी घालून कोथिंबीर घ्यायला आला होता. मी कॉंग्रॅट्स म्हटलं तर इतका लाजला. आज तुमचा लेख वाचून तो आठवला. कुठे असेल कोण जाणे.

---

पेठेतला_पैलवान

वैदेहीताई, गप केलंत सगळ्यांना.

---

नवखा_नेमार

मस्त धागा, सगळा एका दमात वाचला. मी २००५ चा जन्म, त्या वेळी सहावी-सातवीत असेन, आय-लीग नावाचं काही असतं हेच माहीत नव्हतं. पण मग ते पुढे का टिकले नाहीत? एवढे चॅम्पियन झाले तर आता आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) का नाहीत?

---

आकडेबहाद्दर

@नवखा_नेमार, कारण चॅम्पियन झाल्यावर दोन-तीन महिन्यांत टीमला पाखरांसारखे पंख फुटले. खालिद, अल अमना, ब्रँडन, चुलोवा ईस्ट बंगालला. कामो आणि किंग्जली मोहन बागानला. राणे आणि मेहता कोलकात्याच्याच एटीके क्लबला. लालरुआथारा केरळला, आल्बिनो दिल्लीला. मोठ्या क्लबांनी पैसे दाखवले, छोट्या क्लबाकडे ते नव्हते, सरळ हिशोब. आणि त्या वेळी आय-लीग जिंकून आयएसएलमध्ये जायचा रस्ताच नव्हता, आयएसएलला सगळ्यात वरची लीग करायचं घाटत होतं आणि चॅम्पियन क्लब आपलं काय होणार म्हणून फेडरेशनला पत्रं लिहीत होता. तरी २०१८ च्या जानेवारीत आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत इराणच्या झोब आहानशी खेळले. ३-१ हरले, पण खेळले.

---

कूपरेजचा_कट्टर

वरच्यात एकच भर घालतो. लोक म्हणतात एक सीझन चमकले आणि विझले. मला हे वाक्य डोक्यात जातं. एक सीझन म्हणजे कमी आहे का? आम्ही दहा सीझनमध्ये एकदाही नाही चमकलो. पैलवान, तुमच्या तालमीने एखाद्या वर्षी कप आणला की पुढची वीस वर्षं पेठेत काय बोलतात ते तूच सांग.

---

पेठेतला_पैलवान

वीस? आमचे आजोबा अजून एका फ्रीकिकवर बोलत्यात, ती मारणारा माणूस पण आता न्हाई आणि ज्याला मारली तो पण न्हाई.

---

बागानी_बायकोचा_नवरा

ओळखीचं कोणी नाही ना इथे? माझी बायको कोलकात्याची. ३० एप्रिल २०१७ ला आमच्या डोंबिवलीच्या घरात काय वातावरण होतं ते मी लिहू शकत नाही. बागान जिंकलंय आणि बायको रडतेय, आई विचारतेय जिंकलेत तर रडते का, मी समजावतोय की आई दुसरीकडे ड्रॉ झाली, आई म्हणतेय दुसरीकडचं हिला काय करायचंय. अजूनही आमच्याकडे 'दुसरीकडे ड्रॉ झाली' हा वाक्प्रचार आहे. आपलं सगळं नीट होऊनही काम फसलं की वापरतो.

कट्टर, तुमच्या त्या कॅश ऑफिसरचं काय झालं? बोलले का नंतर?

---

कूपरेजचा_कट्टर

:)) 'दुसरीकडे ड्रॉ झाली' उचलतोय, परवानगी गृहीत धरतो.

बोलले ना. २ तारखेला मी एका काचेचा चष्मा लावून बँकेत गेलो, त्यांनी वर बघितलं, काही न बोलता ड्रॉवरमधून संदेशचा बॉक्स काढला, माझ्या टेबलावर ठेवला आणि जाऊन काउंटर उघडला. तो बॉक्स त्यांनी बागान चॅम्पियन होणार म्हणून आदल्या शुक्रवारीच आणून ठेवला होता, हे मला शिपायाने नंतर सांगितलं. थोडे कडक झाले होते. पण सगळे संपवले.

---

नवखा_नेमार

आणि तो स्कार्फ? अजून आहे?

---

कूपरेजचा_कट्टर

नाही. आजींना दिला. त्यांनी तो तिथेच छत्रीच्या दांड्याला गुंडाळला, परत घरंगळू नये म्हणून.

पैलवान, शाहू स्टेडियमचा सीझन सुरू झाला की कळव, महालक्ष्मीचं तिकीट काढतो. कुणाच्या बाजूने बसायचं तेवढं आधी सांग, उगाच घरातनं काढायचे.

---

पेठेतला_पैलवान

माझ्या शेजारी बस गप. फक्त पिवळं काय घालून येऊ नको.